मंद आचेचे भांडे आणि चुलीचे भक्त

चुलीवरच्या स्वयंपाकाची थोरवी गाणारे गृहस्थ भेटले की मी आधी त्यांच्या हातांकडे पाहते. चटक्याचा एखादा जुना डाग, विळीवर बोट कापल्याची खूण, निदान धुराने लाल झालेले डोळे? आजवर मला काही दिसलेले नाही. ज्यांच्या अंगावर या खुणा आहेत त्या बाया चुलीवर व्याख्याने देत नाहीत. सिलिंडर केव्हा येणार एवढेच विचारतात.

हे सारे सुचायला एक कोंबडी कारण झाली. माझी थोरली बहीण न्यू जर्सीत असते. इस्पितळात नोकरी करते, पहाटे घराबाहेर पडते आणि दिवेलागणीला परत येते. गेल्या सुट्टीत मी तिच्याकडे होते. तिच्याबरोबर काम करणारी एक बाई मेक्सिकोतल्या पुएब्ला शहराकडची. तिच्याकडून मी ‘टिंगा’ करायला शिकले. टोमॅटो, कांदा आणि धुरावलेल्या मिरचीच्या रसात शिजवून रेषारेषांनी मोकळे केलेले कोंबडीचे मांस म्हणजे टिंगा. तो आम्ही केला स्लो कुकरमध्ये, म्हणजे विजेवर चालणाऱ्या मंद आचेच्या भांड्यात. परत आल्यावर एका पुरवणीत मी त्यावर थोडेसे लिहिले, आणि दोन तऱ्हेची पत्रे आली. एक तऱ्हा विद्वानांची: यंत्राच्या पोटात शिजलेल्या अन्नाला संस्कार नसतो, मेक्सिकोसारख्या प्राचीन पाकपरंपरेची ही विटंबना आहे. दुसरी तऱ्हा लगबगीत असलेल्यांची: ताई, एवढा खटाटोप कशाला? छातीचे मांस, बाटलीतला साल्सा आणि पुडीतला मेक्सिकन मसाला भांड्यात टाकायचा, झाकण लावायचे आणि विसरून जायचे.

दोन्ही पत्रांना एकत्र उत्तर देते. दोघांचा रोग मला एकच वाटतो, आणि तो असा की दोघांनीही भांड्यात डोकावून पाहिलेले नाही.

आधी विद्वान. एका प्राध्यापकांनी मला आठवण करून दिली की मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला युनेस्कोने २०१० साली मानवजातीचा वारसा म्हणून मान दिला. दिला, आणि योग्यच केले. पण त्या वारशातल्या एका दगडाची हकीकत प्राध्यापकमहाशयांनी वाचलेली दिसत नाही. मेताते म्हणजे तीन पायांचा, उतरता, आपल्या पाट्याच्या नात्यातला दगड. चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका त्यावर वाटून रोजच्या तोर्तियांचे पीठ व्हायचे. हे वाटण बाईने गुडघ्यांवर बसून करायचे, पहाटेपासून, घर मोठे असेल तर दिवसाचे पाच-सहा तास, जन्मभर. विसाव्या शतकात खेड्यांतून यांत्रिक गिरण्या येऊ लागल्या तेव्हा काय झाले? तेपोस्तलान या गावाचा अभ्यास करून ऑस्कर लुईस या मानववंशशास्त्रज्ञाने १९५१ साली एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात हे आहे. पुरुषांनी विरोध केला. म्हणे गिरणीच्या पिठाच्या तोर्तियांना चव नसते! आणि हळूच पुढे असेही, की बायांना मोकळा वेळ मिळाला तर त्या करतील काय? अखेर गिरणी टिकली ती बायांनी ती उचलून धरली म्हणून.

आपल्याकडे वेगळे झाले नाही. जात्यावरच्या ओव्या गोळा करून छापल्या, त्यांच्यावर प्रबंध झाले, ते सगळे चांगलेच झाले. मी स्वतः वर्गात त्या मुलांकडून म्हणवून घेते. पण गावात पिठाची गिरणी आली तेव्हा डोक्यावर दळणाचा डबा घेऊन आधी कोण धावले? ओव्या गाणाऱ्याच धावल्या. जाते गेल्याचे दुःख ज्यांना कवितेत झाले त्यांतल्या कितींनी पहाटे चारला खुंटा धरला होता, हे मला कोणी सांगावे.

आणि हे जे संस्कारहीन यंत्र, त्याचे कूळ तरी पाहा. शिकागोच्या अर्विंग नॅक्सन या संशोधकाला १९४० साली त्याचे पेटंट मिळाले. त्याची आई लिथुआनियातल्या व्हिल्ना शहराची गोष्ट सांगत असे. तेथले ज्यू लोक शब्बाथच्या दिवशी विस्तव पेटवीत नाहीत. म्हणून शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी घराघरांतून मांस, घेवडा, बटाटे घातलेली चोलंटची भांडी गावच्या बेकरीत जात, निवत चाललेल्या भट्टीच्या उबेत रात्रभर शिजत, आणि दुसऱ्या दिवशी घरी परत येत. मुलाने ती भट्टी एका मातीच्या भांड्याभोवती तारा गुंडाळून बनवली. नॅक्सनचा हा उद्योग रायव्हल कंपनीने १९७० साली विकत घेतला आणि पुढच्या वर्षी तेच भांडे ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आणले. अमेरिकन बायका तेव्हा मोठ्या संख्येने कामाला बाहेर पडत होत्या, आणि भांडे घरोघर गेले. म्हणजे विस्तवाजवळ कोणी बसायला नसताना अन्न शिजावे, ही गरज देवाधर्माइतकी जुनी. खुद्द मेक्सिकोत जमिनीत खड्डा करून, तापलेल्या दगडांवर मागेच्या पानांत गुंडाळलेले मांस रात्रभर ठेवायची बार्बाकोआची रीत आहे. मग रात्रभर झाकून ठेवलेल्या खड्ड्याला संस्कार आहे आणि दिवसभर झाकून ठेवलेल्या भांड्याला नाही, हा भेद कोणत्या शास्त्राने केला?

असो. विद्वानांना एवढे पुरे. माझे खरे भांडण दुसऱ्या पत्रांशी आहे, कारण ती लिहिणारी माणसे माझ्यासारखीच दमून घरी येतात.

त्यांना मी सांगते की भांड्याने तुमची वाट पाहण्याची मेहनत वाचवली आहे, ती खुशाल वाचवा. पण त्याच्याबरोबर दुकानदाराने तुम्हाला जी पुडी विकली तिच्यात काय आहे ते एकदा वाचा. अमेरिकेतल्या ‘चिली पावडर’चा धंदा टेक्सासात गेभार्ट नावाच्या एका जर्मन गृहस्थाने १८९० च्या दशकात नावारूपाला आणला: मिरचीची पूड, आणि तिच्यात जिरे, ओरेगानो, लसूण असे जिन्नस. टेक्सासच्या स्वयंपाकात तिला स्थान आहे, तिचा मला राग नाही. परंतु आज पुडीवर ‘मेक्सिकन’ असे छापलेले असते आणि आत बहुतेक जिरे, मीठ व कॉर्नफ्लोअर. मिरची कोणती, त्याचा पत्ता नाही.

आणि हे आपण मराठी माणसांनी खपवून घ्यावे? ज्या बाया चैत्र-वैशाखात वर्षाच्या तिखटासाठी ब्याडगी रंगाला, लवंगी झणझणीतपणाला, संकेश्वरी चवीला अशी मोजून मापून मिरची घेतात, देठे खुडतात, उन्हात घालतात, त्यांना कोणी नुसते ‘मिरची’ म्हणून काही गळ्यात मारू पाहील तर त्या वाण्याची धडगत राहणार नाही. मेक्सिकोत हा विवेक आपल्याहूनही बारीक आहे. तेथे मिरची वाळली की तिचे नावच बदलते. ओली पोब्लानो वाळली की ती आंचो, गोडसर, मनुक्यासारखी. चिलाका वाळली की पासिया. हालापेन्यो पिकून लाल झाल्यावर लाकडाच्या धुरात सुकवली की ती चिपोत्ले. नाहुआत्ल भाषेत त्या शब्दाचा अर्थच धुराची मिरची. टिंग्याचा जीव या चिपोत्लेत आहे. तिखटपणा तिच्यात आहे, पण जिभेला आधी लागतो धूर, मग किंचित गोडी, आणि तिखट मागाहून घशात उतरते. पुडीवर ‘स्पायसी’ लिहिणाऱ्याला यातले फक्त शेवटचे ठाऊक असते.

मिरची आपल्याकडे आली तीही तिकडूनच. कोलंबसापूर्वी, म्हणजे १४९२ च्या आधी, भारतात मिरचीचे रोप नव्हते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती गोव्याला उतरली. त्याच सुमारास स्पॅनिश लोकांनी कोंबडी मेक्सिकोत नेली, आणि कोंबडीचे माहेर आशियातले. मेक्सिकोचा आपला पक्षी टर्की. टोमॅटो त्यांचा, कांदा-लसूण स्पॅनिशांबरोबर आलेला. आपल्या ठेच्याला परके म्हणायची कोणाची छाती होत नाही, मग त्यांच्या टिंग्याला ‘आपल्यासारखेच काहीतरी’ म्हणून लाल तिखट आणि गरम मसाला घालून मोकळे व्हायचे, हा उद्धटपणा कशासाठी?

आता रीत. एक किलो कोंबडी, हाडाशिवाय, मांडीची. छातीची नको, आणि हे मी हट्टाने सांगते. मांडीच्या मांसात चिवट तंतू व चरबी अधिक. तासन्‌तासाच्या उबेने ते तंतू विरघळून त्यांचा मऊ, चिकट रस होतो आणि मांस ओलसर राहते. छातीच्या मांसात हे तंतू थोडे. पाच-सहा तासांनी त्यातले पाणी सगळे बाहेर येते आणि भांड्यात उरतो तो ओला कापूस. स्लो कुकर बेचव असतो असे म्हणणाऱ्या बहुतेकांनी हा कापूस खाल्लेला असतो.

चार टोमॅटो तव्यावर साली काळ्या होईपर्यंत भाजा. दोन मोठे कांदे उभे चिरून तेलात गुलाबी करा, त्यात चार पाकळ्या लसूण. भांड्याची आच इतकी मंद असते की त्यात कांदा परतला जात नाही, नुसता वाफवला जातो. म्हणून ही दहा मिनिटे शेगडीवरच द्यावी लागतात. चिपोत्ले डब्यात मिळते, आदोबो नावाच्या आंबट रसात बुडवलेली. तीन मिरच्या, चमचाभर रस आणि टोमॅटो वाटून घ्या. तमालपत्र, मीठ, आणि मेक्सिकन ओरेगानो. पिझ्झ्यावर भुरभुरवतात तो वेगळा, ती वनस्पतीच निराळी.

पाणी घालायचे नाही. झाकणाखाली वाफ धरते आणि थेंब होऊन परत भांड्यातच पडते. काही आटत नाही, उलट मांसाचे पाणी सुटून रस वाढतो. मंद आचेवर पाच तास. दर अर्ध्या तासाने झाकण उघडून पाहण्याची आपली सवय येथे आवरा, कोंडलेली ऊब गेली की ती पुन्हा जमायला पुष्कळ वेळ लागतो. बर्फातली कोंबडी तशीच घालू नका. ती तापायला इतका वेळ घेते की तेवढ्यात रोगजंतू वाढतात.

मग मांस बाहेर काढून दोन काट्यांनी, नाहीतर निवल्यावर हातांनी, रेषा मोकळ्या करायच्या. फार बारीक नको. खाली राहिलेला रस पातेल्यात ओतून शेगडीवर निम्मा होईतो आटवायचा आणि मग त्यात मांस परत घालायचे. पुडीवाले लोक नेमके हेच करीत नाहीत, आणि मग ताटात पाणी सुटते. कुरकुरीत तोर्तियावर म्हणजे तोस्तादावर टिंगा, वर आंबट साय, ताजे चीज, कोवळ्या सॅलडच्या पानांची चीर. तोस्तादा खायच्या वेळीच भरायचा, नाहीतर लगदा होतो.

हाताचे काम एकंदर पाऊण तासाचे. बाकीच्या पाच तासांत बहीण इस्पितळात होती आणि मी एका कादंबरीचे रखडलेले प्रकरण पुरे केले.

एका बाईंनी विचारले आहे की त्यांच्या गावात चिपोत्ले मिळत नाही, तर ब्याडगी भिजवून, निखाऱ्याची धुरी देऊन चालेल का. चालेल. बाई, अवश्य करा, मांडीचेच मांस घ्या आणि रस आटवा. ते चांगलेच लागेल. फक्त त्याला टिंगा म्हणू नका, तुमच्या गावाचे नाव द्या आणि रीत मला लिहून पाठवा.