आतड्याची साक्ष

२०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात एक जुने किरणोत्सर्गी उपकरण फोडले गेले. दिल्ली विद्यापीठाने ते लिलावात काढले होते. त्यातील कोबाल्ट-६० ने एका कामगाराचा बळी घेतला, आणखी काहींना अंथरुणास खिळविले. भंगारवाल्याच्या छातीवर मात्रा मोजणारे यंत्र नसते. मग कोणाच्या शरीरात किती किरणे गेली, हे वैद्यांनी ओळखावे कसे?

अस्थिमज्जेची हानी रक्तातील लिंफोसाइट मोजून दोन-तीन दिवसांत उमगते. आतडे मात्र मौन पाळते. लहान आतड्याचे अस्तर तीन ते पाच दिवसांत नवे होते. किरणांनी मूळपेशी मेल्या की जुने झिजते आणि नवे येत नाही. फसवी गोष्ट अशी की, आरंभीच्या ओकाऱ्या थांबून रोग्यास काही काळ बरे वाटू लागते. आत अस्तर उघडे पडत असते.

या मौनावर उपाय सापडला आहे तो सिट्रुलीन या अमिनो आम्लाचा. रक्तातील सिट्रुलीन मुख्यतः लहान आतड्याच्या पेशीच तयार करतात. पेशी घटल्या की तेही घटते. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी या शतकाच्या आरंभी उंदरांवर हे दाखवून दिले. १९१४ साली जपानी शास्त्रज्ञांनी हे द्रव्य प्रथम कलिंगडातून वेगळे काढले. त्यामुळे रक्त देण्यापूर्वी रोग्याने कलिंगड खाल्ले तर आकडा फुगतो! मूत्रपिंडे निकामी असली तरीही तो फसवतो. तेव्हा ही कसोटी एकट्याने निवाडा देणारी नव्हे, हे आम्ही मान्य करतो.

तरीही ती आपल्याकडे हाताशी असावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. कैगा अणुवीज केंद्र आमच्या सीमेपासून दूर नाही. पण अपघात क्वचितचा. नित्याचा प्रश्न गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर किरणोपचार घेणाऱ्या भगिनींचा आहे. किरणांच्या वाटेत त्यांचे आतडे येते आणि जुलाबांना 'होणारच' म्हणून गप्प केले जाते. उपचारापूर्वी एकदा व उपचार चालू असताना अधूनमधून सिट्रुलीन मोजले, तर त्या बाईच्या तक्रारीस आकड्याचे बळ मिळेल. त्यासाठी अमिनो आम्लांचे पृथक्करण करणारी प्रयोगशाळा व ते जाणणारा माणूस हवा. सरकारने आधी एवढी सोय करावी; नव्या इमारतीचे उद्घाटन मागाहून झाले तरी चालेल.