भविष्य नको, अंदाज हवा



माघ सरत आला की आमच्या सिरोंच्याकडची थंडी काढता पाय घेते. पहाटे प्राणहितेच्या काठी अजून शेकोटी पेटते, पण दुपारी उघड्या डोक्याने रस्त्यावर उभे राहवत नाही. अंगणात लाल मिरची वाळत असते, आंबा मोहरलेला असतो, मोहफुलांचे दिवस तोंडावर आलेले असतात. गावोगावचे बाया-माणसांचे जथे मिरची तोडायला नदीपलीकडे तेलंगणात निघतात. अशा वेळी घरोघरी एकच प्रश्न असतो. येत्या आठ दिवसांत पाणी येईल काय?

इतर वर्तमानपत्रांत अशा प्रश्नाच्या जागी राशिभविष्य असते. आपल्या पानावर ते नाही आणि नसावेही. पण ज्याचे पोट हातावर आहे, त्याला उद्याची काळजी असतेच. ती काळजी खोटी नाही. तिला उत्तर मात्र ज्योतिषाकडे नसून हवामानाच्या अंदाजात आहे. तो कसा वाचावा, एवढेच आज सांगणार आहोत.

साप्ताहिक तुमच्या हाती पडेपर्यंत तीन-चार दिवस निघून जातात. म्हणून अमुक तारखेला पाऊस, असे आम्ही लिहीत नाही. या दिवसांचा साधारण कल सांगतो. रात्रीचा गारवा दिवसागणिक कमी होईल आणि दुपारचा पारा तिशीच्या वर राहील. अलीकडे हा उन्हाळा लवकर येतो आहे. देशात १९०१ पासून ज्या नोंदी आहेत, त्यांत फेब्रुवारीतल्या दुपारच्या सरासरी तापमानाचा उच्चांक २०२३ मध्ये मोडला. म्हणून तोडणीचे काम शक्य तेवढे सकाळी उरकावे, पाणी सोबत न्यावे आणि लहान लेकरांना भर दुपारी वावरात ठेवू नये.

दुसरी गोष्ट अवकाळीची. उत्तरेकडून येणारे कोरडे, गार वारे आणि बंगालच्या उपसागरावरून येणारे दमट वारे या दिवसांत मध्य भारतावर एकमेकांना भिडतात. दमट हवा जोराने वर चढते, उंचावर तिच्यातले पाणी गोठते, आणि विजा, गारा व पाऊस एकदमच खाली येतात. २०१४ मध्ये फेब्रुवारी अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राला गारपिटीने झोडपले. २०१८ च्या फेब्रुवारीत विदर्भ-मराठवाड्यात पुन्हा तेच घडले. त्यात कोणा देवीचा कोप नव्हता. कारणाशिवाय काही घडत नाही, ही भगवान बुद्धांची शिकवण आभाळालाही लागू आहे. रात्रीची थंडी अचानक तुटली, पूर्वेकडचा दमट वारा सुटला आणि ढग जमू लागले, तर सावध व्हावे आणि त्या दिवशीचा अंदाज जरूर पाहावा.

हा अंदाज नागपूरचे प्रादेशिक हवामान केंद्र रोज देते. त्यातला "तुरळक ठिकाणी" हा शब्द अनेकांना फसवतो. लोक समजतात, तुरळक म्हणजे थोडासा पाऊस. तसे नाही. तो शब्द पावसाचा जोर सांगत नाही, जागा सांगतो. जिल्ह्यातल्या शंभर ठिकाणांपैकी फार तर पंचवीस ठिकाणी पाऊस होईल, एवढाच त्याचा अर्थ. त्या पंचविसात आपले गाव आले तर गाराही पडू शकतात. रंगांचे तसेच आहे. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा. पहिल्या दोन-तीन दिवसांचा अंदाज अधिक भरवशाचा असतो. पाचव्या दिवसापुढे तो नुसता कल समजावा.

आपल्याकडची आणखी एक अडचण आहे. इशारा "गडचिरोली जिल्हा" म्हणून येतो आणि सिरोंचा जिल्ह्याच्या ठिकाणापासून दोनशे किलोमीटरहून दूर आहे. कोरची-कुरखेड्याला गारा पडतात तेव्हा आपल्याकडे लख्ख ऊन असू शकते. याच्या उलटही होते. म्हणून नदीपलीकडच्या मंचेरियाल आणि जयशंकर भूपालपल्ली या जिल्ह्यांसाठी हैदराबादचे हवामान केंद्र काय सांगते, तेही पाहावे. आपल्या घरांत तेलुगू कळतेच. तोडणीला गेलेल्यांना तर तोच अंदाज कामाचा.

आता सर्वांत महत्त्वाचे, विजेचे. वीज चमकल्यावर आकडे मोजा. तीस मोजण्याच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. काम तिथेच थांबवून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा. झाडाखाली उभे राहू नका. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडू नका. जथ्यातल्या एका तरी मोबाईलवर "दामिनी" हे पुण्याच्या संस्थेने केलेले मोफत ॲप असावे. जवळपास वीज पडण्याची शक्यता ते थोडा वेळ आधी सांगते.

पण खरी गोम पुढेच आहे. इशारा कळूनही तोडणारी बाई वावरातून हलत नाही, कारण हात थांबला की मजुरी थांबते. कोणाला रोजाने मिळते, कोणाला किलोमागे. एकटी बाई मुकादमाला "मी थांबते" असे सांगू शकत नाही. म्हणून जथा निघण्यापूर्वीच सर्वांनी मिळून बोलून घ्यावे. गडगडाट झाला की सगळ्यांनी काम थांबवायचे आणि त्या वेळेचे पैसे कापायचे नाहीत. ही भीक नाही. जीव सांभाळून काम करणे हा मजुराचा हक्क आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कामगारांचे प्रश्न त्यांच्याकडे होते, तसेच दामोदर आणि महानदीच्या पाण्याचे नियोजनही होते. पुराचे पाणी संकट समजून समुद्रात सोडू नका, साठवून कामाला लावा, असे त्यांनी १९४५ मध्ये कटकच्या परिषदेत मांडले. निसर्गापुढे हात जोडून बसू नका, त्याला समजून घ्या, हाच धडा आपण त्यातून घ्यायचा.

घरी राहणाऱ्यांनी वाळत घातलेल्या मिरचीजवळ ताडपत्री तयार ठेवावी आणि संध्याकाळी ढीग झाकून घ्यावा. भिजलेली मिरची काळी पडते आणि भाव जातो. गारपीट झालीच, तर तलाठ्याला लगेच कळवून पंचनामा मागावा. पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा अधिक असेल, तर मदतीचा नियम आहे. वीज पडून माणूस दगावल्यास वारसाला चार लाख रुपयांची मदत मिळते. हे माहीत नसल्याने हक्क सोडू नका. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे.

शेवटी एक सूचना. प्रत्येक विहाराच्या भिंतीवर एक फळा असतोच. दहावी-बारावीच्या एखाद्या मुलीने रोज संध्याकाळी त्यावर दुसऱ्या दिवसाचा अंदाज, इशाऱ्याचा रंग आणि त्याचा अर्थ मराठीत व तेलुगूत लिहावा. वंदनेनंतर तो मोठ्याने वाचावा, म्हणजे वाचता न येणाऱ्या आजीलाही कळेल. तोडणीला गेलेल्यांना घरच्यांनी तोच फोनवर सांगावा. अंदाज कधी चुकेल, तेही फळ्यावर लिहावे. चूक लपवायची नाही, हाच तर ज्योतिष आणि शास्त्र यांतला फरक आहे.

ज्या विहारांत असा फळा सुरू होईल, त्यांनी आम्हाला जरूर कळवावे.

जयभीम!