लग्न-दुखवटा सोडून कधी भेटणार?

गेल्या हिवाळ्यात एका नातलगाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आम्ही सहकुटुंब गेलो होतो. वंदना झाली, आदरांजलीची भाषणे झाली, जेवणाच्या पंगती बसल्या. आमचा आठ वर्षांचा धाकटा समोरच्या पंगतीतल्या एका मुलाकडे बराच वेळ बघत होता. शेवटी त्याने हळूच विचारले, "पप्पा, तो कोण आहे? आपल्या दादासारखाच दिसतो."

तो मुलगा आमच्या थोरल्या बंधूंचा. म्हणजे त्याचा सख्खा चुलतभाऊ!

वाचकांपासून काय लपवायचे? दादांचा आणि आमचा दोन वर्षे अबोला होता. कारण घरोघरी असते तेच. आई राहते ती चाळीतली खोली. चाळ पुनर्विकासाला निघाली आणि आईच्या पश्चात खोलीवर नाव कोणाचे, यावरून शब्दाने शब्द वाढला. भांडलो आम्ही दोघे भाऊ, पण त्यात चार मुलांचे नाते तुटत चालले आहे हे आमच्या हिशेबात कधी आलेच नाही. कचेरीत दिवसभर दुसऱ्यांच्या आकड्यांतल्या चुका शोधणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातली ही तूट दिसू नये, याची त्या दिवशी लाज वाटली.

आपली माणसे भेटत नाहीत असे नाही. १४ एप्रिलला भेटतात, ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत भेटतात, लग्नात आणि दुखवट्यात भेटतात. पण लग्नात मानपान असतो, दुखवट्यात रडारड असते. कोण आला, कोण नाही, कोणी काय आहेर केला याचीच चर्चा. मुले एका कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसतात आणि म्हाताऱ्यांना खुर्चीवर बसवून सगळे विसरून जातात. म्हणून आमचे म्हणणे असे की, काहीही कारण नसताना, सगळ्या नातलगांनी मिळून जवळच कुठेतरी एक दिवस घालवावा. त्याला हॉटेल लागत नाही, रिसॉर्ट लागत नाही.

आई कित्येक वर्षे म्हणत होती, "कान्हेरीची लेणी एकदा डोळ्यांनी बघायची हाय." तेच निमित्त केले. दादांना फोन करण्याचा धीर आम्हांला झाला नाही. तो आमच्या सौ.नी वहिनींना केला. पुरुषांचे अबोले बहुतेक वेळा बायकाच सोडवतात, हे आम्ही कबूल करतो. वहिनी म्हणाल्या, "मी आणि मुलं येतो, ह्यांचं काही सांगत नाही." कल्याणची ताई, दाजी आणि त्यांच्या तिघी मुली लगेच तयार झाल्या. जानेवारीतला रविवार ठरला. सकाळी सातला बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला आम्ही पोहोचलो, तर दादा पाण्याचा कॅन घेऊन आमच्या आधीच उभे! "आईसाठी आलो," एवढेच म्हणाले. लहानमोठी मिळून चौदा माणसे झाली.

स्टेशनपासून राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार जवळच आहे. तिथून लेणी सुमारे सहा किलोमीटर आत, डोंगरावर. तिथवर बस मिळते. उद्यानाचे तिकीट वेगळे आणि वर लेण्यांपाशी पुरातत्त्व खात्याचे वेगळे. त्या दुसऱ्या तिकिटात पंधरा वर्षांखालील मुलांना पैसे पडत नाहीत. सोमवारी उद्यान बंद असते, हे ध्यानात ठेवावे.

कान्हेरी म्हणजे जुन्या लेखांतले कान्हगिरी, काळा डोंगर. एकाच डोंगरात शंभराहून अधिक लेणी. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास सुरू होऊन जवळजवळ हजार वर्षे इथे भिक्खुसंघाचा वावर होता. आम्ही काही इतिहासाचे प्राध्यापक नाही. आदल्या आठवड्यात वाचनालयातून पुस्तक आणून चार गोष्टी वहीत टिपून घेतल्या होत्या. पालकांनी एवढे जरूर करावे, नाहीतर मुलांना सगळी लेणी सारखीच दिसतात आणि अर्ध्या तासात "घरी कधी जायचं?" सुरू होते.

तीन नंबरचे लेणे म्हणजे मोठा चैत्य. व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना तथागतांच्या सुमारे सात मीटर उंचीच्या उभ्या मूर्ती आहेत. आई मान वर करून बघतच राहिली. सगळ्यांनी मिळून वंदना घेतली. चौतीस खांबांच्या त्या चैत्यात आवाज असा घुमला की, सर्वांत लहान भाची घाबरून दादांना बिलगली.

बाहेर प्रवेशापाशी एक झिजलेला शिलालेख आहे. तो वहीत बघून आम्ही मुलांना समजावून सांगितला. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, गजसेन आणि गजमित्र या दोन व्यापारी भावांनी हा चैत्य करविला. ही गोष्ट टिपून घेताना आमच्या मनात काही नव्हते असे म्हटले, तर ते खोटे ठरेल.

दादांच्या मुलाने विचारले, "दोघांनी मिळून? मग भांडले नाहीत का?"

कोणी काही बोलेना. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "भांडले असतीलही बाळा. पण बांधलं मिळूनच ना!"

आम्ही वहीत डोके घातले. दादा मूर्तीकडे बघत राहिले.

पुढे पायऱ्या लागल्या. आईचा एक हात दादांनी धरला, दुसरा आम्ही. अकरा नंबरच्या लेण्याला लोक दरबार हॉल म्हणतात. ऐसपैस दालन, आणि मधे दगडात कोरलेले दोन लांबलचक बुटके ओटे. तिथे सातही मुलांना ओळीने बसवले आणि 'नाते ओळखा' हा खेळ घेतला. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायचे आणि त्याने सांगायचे की, तू माझा कोण. पहिल्या फेरीत सगळ्यांना सगळेच 'अंकल' आणि 'कझिन'! मग आजीने शिकवले. मामेबहीण कोण, आतेभाऊ कोण, ताईचे दाजी ते मुलांचे कोण. तिसऱ्या फेरीपर्यंत धाकट्याने चुलतभावाच्या गळ्यात हात टाकला होता. या खेळाला एक पैसा लागत नाही. तुम्हीही करून बघा.

लेण्यांच्या बाजूला पाण्याची टाकी आहेत. जुन्या लेखांत त्यांना पोढी म्हणतात. पावसाचे पाणी वाया जाऊ नये म्हणून कातळात पन्हळी खोदून ते टाक्यांत आणले आहे. त्यांतले एक टाके कल्याणच्या एका सोनाराने दान दिल्याचा लेख आहे, असे सांगताच ताईच्या मुली ओरडल्या, "आमच्या कल्याणचा!" ही लेणी नुसती राजेरजवाड्यांनी केलेली नाहीत, कष्टकरी कारागिरांचा पैसाही त्यांत आहे, हे मुलांना आवर्जून सांगावे. रांगेत उभे राहून नळाचे पाणी भरणाऱ्या घरांतल्या मुलांना टाक्याची किंमत लवकर कळते.

आईचे गुडघे बोलू लागले. ताई आणि दाजी मुलांना घेऊन वर गेले. सौ. आणि वहिनी त्यांच्या मागे गेल्या. आईजवळ आम्ही दोघे भाऊ राहिलो. थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग आईच म्हणाली, "माझ्या माघारी काय ते भांडा. मी हाय तवर तीन महिन्याला एकदा असं सगळ्यांना गोळा करा. खोली काय, आज हाय उद्या न्हाई."

दादांनी कॅनमधले पाणी आधी आईला दिले, मग पेला आमच्यापुढे केला.

खोलीचा प्रश्न त्या दिवशी सुटला असे आम्ही म्हणणार नाही. अजून सुटलेला नाही. पण आता दादा आणि आम्ही कागद समोर ठेवून एका चटईवर बसतो, आणि आवाज चढला की दोघांपैकी एक जण पाण्याला उठतो. मुले तर दर रविवारी फोनवर असतात.

आता आमच्या चुका, म्हणजे तुमच्या होणार नाहीत. डबे आम्ही लेण्यांवरच उघडायला गेलो आणि माकडाने चपात्यांची चळत पळवली. जेवण खाली येऊनच करावे. पिशव्या बंद ठेवाव्यात, कचरा घरी परत आणावा. म्हाताऱ्या माणसाला सगळे दाखवण्याचा अट्टहास नको. चार लेणी बघून झाली तरी पुष्कळ. चाल सर्वांत लहान मुलाची आणि सर्वांत थोर माणसाची धरावी. खर्च आधीच वाटून घ्यावा. ज्याची ओढाताण आहे त्याने भाकरी-चटणी आणावी, तिकिटाचे दुसऱ्याने बघावे, आणि घरी गेल्यावर कोणी त्याची मोजदाद करू नये.

कान्हेरी लांब पडत असेल तर अंधेरीची महाकाली लेणी आहेत, नालासोपाऱ्याचा स्तूप आहे, भायखळ्याची राणीची बाग आहे (बुधवारी बंद). पुण्याकडच्यांना मळवलीहून भाजे, नाशिककरांना त्रिरश्मी लेणी, छत्रपती संभाजीनगरकरांना विद्यापीठामागची लेणी. यातले काहीच जवळ नसेल तर गावाबाहेरचे तळे आणि एक झाड पुरे.

मात्र पहिला फोन कोणी करायचा, यावर अडून बसू नका. आमच्या घरी तो सौ.नी केला. तुमच्या घरी तो तुम्ही करा. जयभीम!