कृपया संगणक बंद करू नका

प्रोजेक्टरसमोर उभ्या असलेल्या माणसाला आपल्याकडे एकच वाक्य ऐकवलं जातं. "जरा आधी येऊन चेक करायचं ना!" प्रेझेंटेशन अडकलं रे अडकलं की मागच्या रांगेतून कोणीतरी हे म्हणणारच. मला या वाक्याचा मनापासून राग आहे. (घरच्या मंडळींनी नेहमीप्रमाणे "ऑफिसचं कशाला लिहितोस" म्हणू नये. काका, तुमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत हिशेबाच्या ऐन वेळी काय झालं होतं ते आठवा!)

अहो, चेक केलेलं असतं. साडेनऊला सगळं व्यवस्थित चालत असतं. रंग बरोबर, आवाज बरोबर, स्लाइड पुढे सरकतेय. पण दहा वाजून चार मिनिटांनी त्या मशीनच्या मनात काय येणार आहे हे साडेनऊला कोणी सांगावं? ठिपके गोल गोल फिरायला लागतात, टक्के चढायला लागतात आणि वर विनंती : कृपया संगणक बंद करू नका. बंद करायची आमची काय बिशाद!

काही वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसात कंत्राटावर असलेल्या एका मुलीचं वार्षिक सादरीकरण होतं. वेळ १२ मिनिटं. मीटिंग रूममधलं मशीन ऑफिसचं, त्याची सेटिंग्ज बदलायचा पासवर्ड आयटीवाल्यांकडे, आणि आयटीवाले चहाला. तिसऱ्या स्लाइडवर मशीन आपण होऊन रिस्टार्ट झालं. ७ मिनिटं गेली. उरलेल्या तीनेक मिनिटांत तिने जमेल तेवढं तोंडी सांगितलं. पण तिचं वर्षाचं काम नकाशांत आणि आलेखांत होतं, ते तोंडी काय सांगणार? समितीच्या टिपणात शेरा आला : "पूर्वतयारी अपुरी." मशीनबद्दल चकार शब्द नाही. बाकीच्यांची कंत्राटं वर्षभराने वाढली, तिचं सहा महिन्यांनी. त्या मशीनवर कोणती सिस्टीम होती ते मुद्दामच सांगत नाही. सगळे एकाच माळेचे मणी आहेत.

माझं भांडण मशीन बिघडण्याशी नाहीये. बिघडायचंच. २० एप्रिल १९९८ ला शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात खुद्द बिल गेट्स मंचावर असताना विंडोज ९८ ने जाहीर मान टाकली होती. सहकाऱ्याने स्कॅनर जोडला आणि मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर तो प्रसिद्ध निळा रंग! लोक हसले, टाळ्या वाजल्या, गेट्सनेही विनोद करून वेळ मारून नेली. दोनच महिन्यांनी तेच विंडोज ९८ बाजारात आलं आणि धडाक्याने विकलं गेलं. आता हाच निळा पडदा आपल्यापैकी कुणाच्या वाट्याला आला तर टाळ्या वाजतील का हो? ज्याने ते बनवलं त्याचा विनोद होतो, आणि ज्याच्या ते माथी मारलंय त्याची पूर्वतयारी अपुरी ठरते. माझं भांडण आहे ते इथे.

सफरचंदवाल्यांनी हसू नये. २०१९ च्या कॅटालिनापासून मॅकवर एखाद्या प्रोग्रॅमने पहिल्यांदा स्क्रीन शेअर करायला घेतली की परवानगी लागते. सेटिंग्जमध्ये जा, टिक करा, मग तो प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा. म्हणजे चालू मीटिंगमधून उठून बाहेर जायचं आणि दार वाजवून परत आत यायचं! लिनक्सवाल्या मित्रांबद्दल काय बोलावं, प्रोजेक्टर जोडायला टर्मिनल उघडून आज्ञा लिहिणारी जमात ती. पण निदान त्यांचं मशीन त्यांचं ऐकतं तरी.

तुम्ही म्हणाल, अपडेट सुरक्षेसाठी असतात. शंभर टक्के मान्य. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभर धुमाकूळ घातला, त्यावरचा उपाय मार्चमध्येच येऊन पडला होता; ज्यांनी तो घेतला नव्हता ते मोठ्या प्रमाणावर सापडले. लस घ्यायलाच हवी. पण म्हणून मंगलाष्टकं चालू असताना नवरदेवाच्या दंडात कोणी सुई खुपसत नाही. वेळ-काळ बघण्याचं हे साधं शहाणपण मशीनला शिकवता येत नाही असं कोणी म्हणू नये, कारण ते शिकवलेलं आहे. २००७ मध्ये सर्वांसाठी आलेल्या व्हिस्टात लॅपटॉपसाठी 'प्रेझेंटेशन सेटिंग्ज' होती. ती चालू केली की सूचना बंद आणि मशीन झोपत नाही. मग अडलं कुठे? तर ही सोय होम आवृत्तीत नव्हती, बिझनेस आणि त्यावरच्या महागड्या आवृत्त्यांत होती! प्रोजेक्टर जोडल्यावर आपण होऊन गप्प बसायची सोय सर्वांना मिळायला २०१८ उजाडलं, आणि तीही कधी, तर पडदा 'डुप्लिकेट' केला असेल तर. प्रेझेंटर व्ह्यूसाठी 'एक्स्टेंड' केलात की बायकोचा "दुधाचे पैसे दिलेस का?" समस्त संचालक मंडळाने वाचलाच म्हणून समजा.

आणि मराठीत प्रेझेंटेशन करणाऱ्यांचं दुःख तर विचारूच नका. जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या स्लाइड्स दुसऱ्याच्या मशीनवर नेल्या की 'पाणलोट' च्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी, कारण त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं मुळात इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असायची. युनिकोड आलं, पण एक्सपीवर देवनागरीचा आधार सीडी घालून वेगळा चढवावा लागे. तो नसला की वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे. सभागृहात ती सीडी कोण घेऊन फिरणार? लोक फिदीफिदी हसायचे. हौसेने मराठीत स्लाइड्स करणारा माणूस त्या दिवसानंतर गुपचूप इंग्रजीकडे वळायचा. मी असे चार-पाच जण तरी पाहिलेत, आणि त्यातला एकही परत मराठीकडे आला नाही. यालाही आपण "आधी चेक करायचं ना" म्हणणार?

मला दोन गोष्टी हव्यात. पहिली, प्रत्येक सिस्टीममध्ये, स्वस्तातल्या स्वस्त आवृत्तीतही, एक ठळक बटण : मी सांगेपर्यंत गप्प. त्यात अपडेट, सूचना, रिस्टार्ट, बॅटरीच्या काळज्या, सगळं आलं. ते आपल्या हातात नाही, ठीक. पण दुसरी गोष्ट पूर्णपणे आपल्या हातात आहे. मशीनने खाल्लेली मिनिटं बोलणाऱ्याला परत द्या. घड्याळ थांबवा! क्रिकेटमध्ये पाऊस आला तर कोणी फलंदाजाला "आधी आभाळ चेक करायचं ना" असं विचारत नाही. आणि टिपण लिहिणाऱ्याने मशीन बंद पडलं तर 'मशीन बंद पडलं' असंच लिहावं. तीन शब्द आहेत, जड नाहीत.

आमच्या ऑफिसात हे मी लेखी मागितलंय. उत्तर आलं, प्रस्ताव चांगला आहे, पुढच्या बैठकीत स्लाइड्स करून मांडा.