वरच्या मजल्यावरचा विश्वास



गेल्या रविवारी पलसाण्यात उपासना संपल्यावर मी पावसाळ्याच्या तयारीचा विषय काढला. मंडळीत तळमजल्यावर कोण राहतं, एकटं कोण आहे, रोज इन्सुलिन कोणाला लागतं, याची एक वही करू या, एवढंच म्हणालो. लगेच एक जण म्हणाले, "भाऊ, प्रभू सांभाळणारा आहे. आधीच भ्यायचं म्हणजे अविश्वास." चार-पाच जणांनी 'आमेन' म्हटलं आणि विषय संपला.

मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. 'आमेन' म्हणणारे सगळे पक्क्या इमारतीत दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर राहतात. मिलजवळच्या चाळींत भाड्याच्या खोलीत राहणारी आपली माणसं मागच्या बाकावर गप्प बसली होती. पाणी पहिल्यांदा त्यांचाच उंबरा ओलांडतं.

ऑगस्ट २००६ विसरलो का? उकाई धरण भरलं, लाखो क्युसेक पाणी तापीत सोडावं लागलं आणि सुरतचा बहुतेक भाग बुडाला. वीज नाही, प्यायला पाणी नाही, माणसं गच्चीवर दिवस काढत होती. आपल्यातले कितीतरी जण खानदेशातले. भुसावळजवळ हतनूरचे दरवाजे उघडले की ते पाणी पुढे उकाईतच येतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. गावाकडचा एक फोन पुरतो. पलसाणा तापीच्या काठी नाही म्हणून निर्धास्त राहायचं, तर जोराच्या पावसात बलेश्वरची खाडी कशी चढते ते तिथल्या लोकांना विचारा.

आता शास्त्राकडे येऊ. योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात भरला (उत्पत्ती ४१). त्याला अविश्वासू म्हणणारा प्रचारक मी तरी ऐकलेला नाही. नहेम्याने प्रार्थना केली आणि पहाराही बसवला, दोन्ही एकाच वचनात आहे (४:९). आणि मंदिराच्या माथ्यावरून उडी टाक, देवदूत झेलतील, हा सल्ला प्रभूला कोणी दिला होता? मत्तय ४ उघडून बघा. "काही करू नका, देव बघेल" हे मला त्याच आवाजातलं वाटतं. शब्द कठोर आहेत, पण मागे घेत नाही.

पूर ओसरल्यावर आपण ब्लँकेटं वाटतो, फोटो काढतो. चांगलंच आहे (फोटो जरा कमी चालतील). पण ज्या आजींना अंधारात उचलून जिना चढवायचा होता, त्यांना नंतरच्या ब्लँकेटाचा काय उपयोग?

म्हणून वहीत तळमजल्यावरच्या प्रत्येक घरासमोर वर राहणाऱ्या एका घराचं नाव हवं, रात्री दोनला दार वाजवलं तरी उघडणारं. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबर पहिल्याच पानावर. बाप्तिस्म्याचं रजिस्टर खालच्या कपाटातून माळ्यावर हलवायचं, ते मी या आठवड्यात करतो.

येत्या रविवारी मी वही घेऊन दारातच उभा असेन. वरच्या मजल्यावरच्यांनी आधी नाव लिहावं.