कडप्पा फोडू नका, दारे बदला

आंबिया बहाराचा पैसा हाती आला की वरूडच्या घरांत दुरुस्त्या निघतात. कुठे गच्चीची गळती, कुठे न्हाणीघर, आणि अलीकडे हमखास स्वयंपाकघर. ओट्याखालची दारे फुगलेली, बिजागऱ्या गंजलेल्या, सनमायकाचे कोपरे उचललेले. मग कोणीतरी म्हणतोच, "जुन्याले कितीक ठिगळं लावसान? सारं काढून फेका अन् नवं बसवा." या सल्ल्याशी माझे भांडण आहे.

असा सल्ला देणाऱ्यांचे म्हणणे असे की दार सडले म्हणजे आतला सांगाडाही गेलाच. त्यावर नवी दारे लावणे म्हणजे पैसा पाण्यात. आपल्याकडचे ओटे वाकून पाहिले तर हे टिकत नाही. वीस-तीस वर्षांपूर्वीच्या कितीतरी घरांत ओट्याखालचे कप्पे लाकडाचे नाहीतच, कडप्प्याचे आहेत. त्या दगडाला वाळवी लागत नाही, सिंकच्या गळतीने तो फुगत नाही. खराब होते ती त्यावरची चौकट आणि दार. शिवाय ओट्याचा भार त्याच उभ्या फरश्यांवर असतो. त्या काढल्या की वरचा ग्रॅनाइट हलतो, मग टाइल्स निघतात, मग नळाची जोडणी. दारांपुरते काम होते, ते महिनाभर घर धुळीत ठेवते.

कप्पे प्लायचे असतील तर मात्र तपासायला हवे, हे मला मान्य आहे. सिंकखालची तळफळी आधी कुजते. तिथे टोच्या दाबून पाहावा. सहज आत गेला तर ती फळी बदलावी. पण एका फळीसाठी दहा खोकी भंगारात घालणे मला पटत नाही.

दुसरा युक्तिवाद अधिक घातक आहे: "ठेका देल्ला का मंग डोक्याले ताप नाई." संत्र्याचा बगीचा ठोक्याने विकताना आपला शेतकरी असे वागतो का? इसार किती, बाकी रक्कम तोडीआधी की नंतर, गळलेले फळ कोणाचे, हे सगळे तो आधी ठरवतो. तोच माणूस स्वयंपाकघराचा ठेका देताना अंदाजपत्रकातली एक ओळ वाचून निम्मे पैसे मोजतो. मीही तेच केले होते. कागदावर लिहिले होते 'वॉटरप्रूफ प्लाय'. पहिल्याच पावसाळ्यात सिंकखालचा तळ फुगला, कोपरा फोडून पाहिला तर आत दाबलेला भुसा. ठेकेदाराने फोन उचलणे बंद केले. आणि ते नवे कप्पे बसवण्यासाठी मी आईच्या ओट्याखालचे धडधाकट कडप्प्याचे कप्पे फोडू दिले होते, सागवानी दारे वजनावर विकली होती. याचे दुःख अजून गेलेले नाही.

'वॉटरप्रूफ' हा नुसता बोलण्यातला शब्द आहे. कागदावर दर्जा लिहून घ्यावा. आय.एस. ३०३ मधला एम.आर. दर्जा दमट हवा सोसतो, साचलेले पाणी नाही. आय.एस. ७१० म्हणजे मरीन प्लाय. तो फिनॉलच्या चिकट राळेने जोडलेला असतो आणि ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून त्याची परीक्षा होते. ओल्या जागेची दारे त्याचीच हवीत. आणखी एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: सनमायका दोन्ही बाजूंनी लागला पाहिजे. एकाच बाजूने लावला की आपला मे महिना आणि त्यामागून येणारा जुलै मिळून दाराला धनुष्यासारखे वाकवतात.

यावर काही जण दुसऱ्या टोकाला जातात: ठेका नकोच, वाढई रोजीने लावा. आपल्या वाढयांच्या हाताबद्दल मला शंका नाही, पण रोजीच्या कामात माप चुकले तर नुकसान घरमालकाचे. दारे बदलण्याचे काम तर ठेक्यालाच योग्य आहे. दारे मोजता येतात, बिजागऱ्या मोजता येतात, तोडफोडीतून ऐनवेळी निघणारे खर्च जवळपास नसतात. म्हणून ठेका द्यावा, तो गावातल्याच वाढयाला का असेना, पण दर दारागणिक ठरवून, शेवटचा हप्ता प्रत्येक दार उघडझाक करून पाहिल्यावरच, आणि प्रत्येक पैशाची पावती घेऊन. मी पावती घेतली नव्हती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. ठेकेदार नागपूरचा असला तरी अमरावतीच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते. माझ्याकडे दाखवायला कागदच नव्हता.

फोडलेल्या कप्प्यांतल्या दोन फरश्या आईने उचलून ठेवल्या होत्या. त्या आज अंगणात नळाखाली आहेत, त्यांच्यावर रोज धुणे आपटले जाते. त्यांना अजून चीर गेलेली नाही.