दिवसाची वीज आणि वायंडिंगचे दुकान

कापड विकणाऱ्याने शेतीच्या विजेवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु तालुक्याच्या गावी ज्यांची पेढी आहे, त्यांना ठाऊक आहे की आमचा गल्ला विहिरीच्या पाण्यावर भरतो. रब्बीला पाणी मिळाले तर लग्नाचे बस्ते निघतात. न मिळाले तर उधारीची वही जाड होते.

शेतीपंपांना वर्षानुवर्षे आळीपाळीने वीज मिळत आली. कधी दिवसा आठ तास, कधी रात्री दहा तास. आमचे एक जुने गिऱ्हाईक बाजारच्या दिवशी दुकानात गादीवर बसल्या बसल्या पेंगायचे. रात्री दोनला उठून गव्हाला पाणी दिलेले असायचे. हातात बॅटरी आणि पायाखाली साप-विंचवाची भीती. अशा माणसाला दिवसा वीज मिळत असेल तर त्या योजनेला आमचा पाठिंबाच आहे. मात्र सरकारच्या योजना दोन तऱ्हेच्या आहेत, आणि आमच्या कारागीर बांधवांनी त्यांतला फरक समजून घ्यावा.

पहिली तऱ्हा पंपाची. केंद्राची कुसुम योजना २०१९ साली आली. राज्याने २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ काढली. शेतकऱ्याने किमतीच्या दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५, त्यावर साडेसात. दुसरी तऱ्हा मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची. ती २०१७ साली निघाली व २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. हिच्यात सबस्टेशनजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभा राहतो आणि शेतीच्या फीडरला दिवसा वीज मिळते. शेतकऱ्याचा पंप जुनाच राहतो.

आता कोणत्याही बाजारगावात जा. मोटार वायंडिंगची दुकाने मोजा. त्यांतली कितीतरी आपल्या बिरादरीची आहेत. एक फेज गेली, व्होल्टेज पडले, की मोटार जळते आणि बैलगाडीतून, हल्ली छोट्या टेम्पोतून, मिस्त्रीच्या दारात येते. तांब्याची तार, वार्निश आणि मिस्त्रीचा हात, यावर घर चालते. सौर पंपात मात्र पाच वर्षे दुरुस्ती कंपनीकडे असते. मोटार वेगळी, कंट्रोलर वेगळा. जुन्या मिस्त्रीला तिथे हात लावायची सोयच नाही.

आमच्या भाच्याचे असे एक दुकान आहे. गेल्या उन्हाळ्यात एक शेतकरी बंद पडलेला कंट्रोलर पिशवीत घालून त्याच्याकडे आला. भाच्याने तो उघडला नाही. खरे सांगायचे तर त्याला उघडता आला नसता. कंपनीचा माणूस सतराव्या दिवशी उगवला, तोवर भाजीचा मळा वाळून गेला होता. नुकसान शेतकऱ्याचे झाले आणि मिस्त्रीची मजुरीही बुडाली.

म्हणून आमच्या मते, जिथे तारा पोहोचल्या आहेत तिथे फीडरची योजनाच अधिक बरी. जिथे तारा नाहीत तिथे सौर पंप अवश्य द्यावा, पण तालुक्याला दुरुस्तीचे केंद्र असावे आणि त्यात स्थानिक मिस्त्री घ्यावा, अशी अट सरकारने कंपन्यांना घालावी.

आणखी एक हिशेब व्यापाऱ्याच्या नजरेने पाहू. शेतीची वीज स्वस्त ठेवण्यासाठी कारखानदार व दुकानदार यांच्याकडून जादा दर घेतला जातो. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचे बिलच माफ आहे. फीडरची सौर वीज युनिटला सुमारे तीन रुपयांत पडते. खरेदी स्वस्त झाली तर त्याचा फायदा मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या मागवाल्याच्या बिलात उतरला पाहिजे. तो आपोआप उतरणार नाही. वीज आयोग दरवाढीवर हरकती मागवतो तेव्हा आपल्या संघटनांनी कागद घेऊन हजर राहावे. तिथे आपण फार क्वचित दिसतो, आणि मग चहाच्या टपरीवर बिलाला शिव्या देतो.

मागाच्या छपरावर सौर पॅनल बसवण्यासाठी केंद्राने २०१७ साली पॉवरटेक्स योजनेत छोट्या मागवाल्यांना निम्मे अनुदान ठेवले होते. आमच्या एका नातलगाचे शेड भाड्याचे, पत्रे गंजलेले. त्यांनी अर्जच केला नाही. ती योजना आता संपली.

मुलांसाठी मात्र एक दार आहे. सूर्यमित्र नावाचे सहाशे तासांचे प्रशिक्षण केंद्र सरकारने २०१५ पासून चालवले. आयटीआयचा वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन त्यात बसतो. उर्दू शाळेतून दहावी झालेला आपला मुलगा आयटीआयला जायला कचरतो, कारण तिथली मराठी आणि इंग्रजी. आम्हीही त्याच शाळेत शिकलो, मराठी बाजारात शिकलो, जमते.

भाच्याच्या थोरल्या मुलाने यंदा आयटीआयचा फॉर्म भरला आहे. फी आम्ही दिली. बापाचा रुसवा अजून गेलेला नाही. दुकानात बसायला माणूस कोण, असे तो विचारतो.